रोमन घराच्या फरशीवर ग्लॅडिएटर कशासाठी?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात शिरताच पायाखाली एक प्राचीन मोझेइक, म्हणजे लहान दगडी तुकडे बसवून केलेले चित्र, दिसते. त्यात ग्लॅडिएटर, म्हणजे रिंगणात प्रेक्षकांपुढे झुंजणारे लढवय्ये, एकमेकांना भोसकत आहेत, काही जण रक्ताच्या थारोळ्यात पडले आहेत आणि बहुतेकांच्या शेजारी त्यांची नावे लिहिलेली आहेत. एखाद्या संपन्न, सुसंस्कृत माणसाला आपल्या वाड्याच्या जमिनीवर असले दृश्य का हवेसे वाटावे? रोमन लोकांना क्रौर्याची चटक होती, एवढेच याचे उत्तर आहे का? कोलोसियमसारख्या वास्तूही त्याच चटकेतून उभ्या राहिल्या का? आणि हा विषय नीट समजून घ्यायचा तर पुढच्या प्रवासात काय पाहावे?

क्रौर्य होते, आणि ते नाकारण्याचे काहीच कारण नाही. परंतु या चित्रांचा खरा विषय क्रौर्य नसून खर्च आहे, असे माझे मत रोमन कलेच्या दीर्घ अध्यापनातून बनले आहे. रिंगणाचे कोणतेही दृश्य समोर आले की लढणाऱ्याकडे पाहण्याआधी या खेळाचे पैसे कोणी दिले हे शोधावे, ही सवय मी विद्यार्थ्यांना सर्वप्रथम लावतो. रोम शहरातला ग्लॅडिएटरांचा पहिला ज्ञात खेळ इ. स. पू. २६४ मधला आहे. ब्रूटस पेरा या सरदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या. दिवंगत पित्याचे देणे फेडण्याचा तो विधी होता. पुढे साम्राज्याच्या काळात निवडून आलेले नगराधिकारी, सम्राटपूजेचे पुरोहित आणि स्वतः सम्राट असे खेळ देऊ लागले, तरी सारा भार एका प्रतिष्ठित माणसाने सोसायचा आणि गावाने त्याचे नाव घ्यायचे, हा मूळ साचा कायम राहिला.

हा साचा उघडपणे दाखवणारी कलाकृती आज ट्यूनिशियातल्या सूस येथील पुरातत्त्व संग्रहालयात आहे. स्मिरात या गावी सापडलेले हे मोझेइक तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे आहे. त्यात चार शिकारी आणि चार बिबटे आहेत, आणि आठही जणांची नावे लिहिलेली आहेत. बिबट्यांची नावे व्हिक्टर, क्रिस्पिनस, लक्झूरियस आणि रोमानस अशी आहेत. शिकाऱ्यांपैकी स्पित्तारा हा चक्क उंच काठ्यांवर चढून भाला चालवतो आहे. बिबट्यांच्या अंगातून रक्त ठिबकते आहे. पण चित्राच्या बरोबर मध्यभागी ना शिकारी आहे ना बिबट्या. तिथे एक तरुण सेवक हातात तबक घेऊन उभा आहे. त्या तबकात चार फुगीर थैल्या आहेत आणि प्रत्येक थैलीवर एक हजाराची खूण आहे.

सेवकाच्या दोन्ही बाजूंना मजकुराचे दोन रकाने आहेत. डावीकडे दवंडी देणाऱ्याचे शब्द आहेत: तेलेगेनी नावाच्या या शिकारी संघाला प्रत्येक बिबट्यामागे पाचशे डेनारियस (रोमन चांदीची नाणी) द्यावेत, अशी तो मान्यवरांना विनंती करतो. उजवीकडे जमावाच्या घोषणा आहेत. पुढच्यांनी तुझा कित्ता गिरवावा आणि आधीच्यांच्या कानीही हे जावे. असा खेळ कुठे झाला, कधी झाला. मागेरियस देतो आहे. याला म्हणावे श्रीमंती, याला म्हणावे सामर्थ्य! शेवटी रात्र झाल्याची आणि शिकाऱ्यांना थैल्या देऊन निरोप देण्याची भाषा येते. मागणी पाचशेची होती आणि थैल्या हजाराच्या आहेत, म्हणजे खेळाचा दाता मागेरियस याने दुप्पट दिले. चार बिबट्यांचे चार हजार डेनारियस झाले. हा आकडा पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटू नये, यासाठीच चित्राची मांडणी केली आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. त्याच्या एक-दोन शतके आधी कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी (ग्रीकांनी) ‘हा खांब आमचे दान’ असे कोरवून ठेवले आहे. फरक एवढाच की कार्ल्याचा खांब दात्याच्या पश्चातही डोळ्यांसमोर उभा राहतो, तर मागेरियसचे दान एका दिवसात संपले. बिबटे मेले, थैल्या वाटल्या गेल्या, लोक घरोघर परतले. इतका पैसा ओतून मागे काहीच उरत नाही, ही या दात्यांची खरी अडचण होती. फरशी ती अडचण दूर करते. त्या दिवसाच्या घोषणा, रक्त, नावे आणि रकमा असे सगळे लहान लहान दगडी तुकड्यांत बसवले की पाहुणे येतात तेव्हा तो दिवस पुन्हा घडतो. म्हणूनच असली चित्रे पाहुण्यांची ऊठबस असलेल्या दालनांत शोभून दिसत.

आता बोर्गेझेच्या फरशीकडे वळू. ही मोझेइके १८३४ मध्ये रोमजवळच्या तोर्रेनोव्हा येथे, बोर्गेझे घराण्याच्याच जमिनीत सापडली आणि ती चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातली मानली जातात. त्यात काही नावांपुढे आडवी रेघ मारलेल्या वर्तुळासारखे चिन्ह दिसते. ती मृत्यूची खूण आहे. काही नावांपुढे विजयाची तीन अक्षरे आहेत. लिसेन्टिओसस, क्युपिडो, बेलेरोफॉन ही नावे आईबापांनी ठेवलेली नव्हेत, ती रिंगणासाठी घेतलेली आहेत. एवढ्या तपशिलाने मृतांची नोंद का ठेवली असावी, याचे उत्तर रोमन कायद्याच्या ग्रंथांत मिळते. दुसऱ्या शतकातल्या गायस या कायदेपंडिताने एका कराराचे उदाहरण दिले आहे: ग्लॅडिएटर धडधाकट परत आला तर त्याच्या घामाचे वीस डेनारियस द्यायचे, तो मेला किंवा कायमचा जायबंदी झाला तर एक हजार. पहिला व्यवहार भाड्याचा होतो आणि दुसरा खरेदीचा, असे त्याने त्याचे विवेचन केले आहे. म्हणजे मृत्यूची किंमत घामाच्या पन्नासपट होती. हा हिशेब ज्यांना तोंडपाठ होता, त्या पाहुण्यांना त्या आडव्या रेघेच्या वर्तुळात यजमानाची ऐपत दिसत होती.

मला हे ताणलेले अनुमान वाटत नाही, कारण दाते स्वतःच तसे बोलतात. इटलीतल्या मिंटुर्ने येथे इ. स. २४९ मध्ये बेबियस जस्टस याच्या सन्मानार्थ उभारलेल्या पुतळ्याच्या चौथऱ्यावरचा लेख सांगतो की त्याने चार दिवसांत अकरा जोड्या लढवल्या, त्यांतले कँपानियाचे अकरा नामांकित ग्लॅडिएटर मारले आणि दहा अस्वलेही क्रूरपणे मारली; आणि सज्जन नागरिकांनो, हे तुम्हाला आठवतच असेल. ‘मारले’ या क्रियापदाचा कर्ता इथे लढणारा नाही, खेळ देणारा आहे. ‘क्रूरपणे’ हा शब्दही सन्मानाच्या लेखात बिनदिक्कत आला आहे. प्रश्नकर्त्याला जे अस्वस्थ करते, ते माझ्या मते या लेखात सर्वांत उघड दिसते: क्रौर्य हा इथे दानाचा दर्जा सांगणारा शब्द झाला आहे.

अर्थात प्रत्येक झुंज मरणानेच संपत नसे, आणि चित्रपटांनी रुजवलेली ही समजूत सोडून द्यावी. पाँपेईच्या नुचेरिया दरवाजाबाहेरच्या एका थडग्यावर कुणीतरी खिळ्याने ओरखडून काढलेली रेखाचित्रे आहेत. त्यांत मार्कस अटिलियस हा नवखा, चौदा झुंजींत बारा विजय मिळवलेल्या हिलारसला हरवतो. हिलारसच्या नावापुढे त्याला जिवंत सोडल्याची खूण आहे. गावात अशी चित्रे हौसेने काढणारे आणि आकडे लक्षात ठेवणारे रसिक होते. दात्याच्या फरशीवर मात्र मरणाचे प्रमाण वाढलेले दिसते, याचे कारण वर आलेच आहे.

माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात रोममधून गेलेली अशी दोन मोझेइके आहेत आणि ती खालून वर वाचावी लागतात. त्यांतल्या एकात खालच्या पट्ट्यात कालेंदियो या त्रिशूळधारी लढवय्याने आपले जाळे अस्त्यानाक्सवर टाकले आहे. अस्त्यानाक्स त्या जाळ्यासकट पुढे सरसावतो आहे. इथपर्यंत पाहून कालेंदियो जिंकेल असे वाटते. वरच्या पट्ट्यात तोच कालेंदियो जखमी होऊन जमिनीवर आहे आणि शरणागतीसाठी खंजीर वर करतो आहे. शेजारचे पंच दात्याच्या निर्णयाची वाट पाहत आहेत. वर लिहिले आहे: अस्त्यानाक्स जिंकला, आणि कालेंदियोच्या नावापुढे ती मृत्यूची खूण आहे. दुसऱ्या मोझेइकात सिमाखियस नावाच्या माणसाला उद्देशून जमावाचे उद्गार आहेत, ‘हे आम्ही पाहतो आहोत, सिमाखियस, तू भाग्यवान!’ हा सिमाखियस खेळाचा दाता असावा, असा अर्थ बहुधा लावला जातो आणि तो मला पटतो.

याच संग्रहालयात स्पेनमधल्या इतालिका येथे सापडलेला काशाचा एक पत्रा आहे आणि बहुतेक प्रवासी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. हे चुकवू नये. त्यावर मार्कस ऑरेलियसच्या काळातला, इ. स. १७७ च्या सुमाराचा सिनेटचा ठराव कोरलेला आहे. तीस हजारांपासून दोन लाख सेस्टर्सपर्यंतच्या (चार सेस्टर्स म्हणजे एक डेनारियस) खेळांच्या श्रेणी त्यात ठरवल्या आहेत, आणि त्या त्या श्रेणीत ग्लॅडिएटरांची जास्तीत जास्त किंमत किती घ्यावी हे बांधून दिले आहे; सर्वांत मोठ्या खेळातल्या उत्तम ग्लॅडिएटरला पंधरा हजारांची मर्यादा आहे. प्रांतोप्रांतीचे प्रतिष्ठित लोक या खर्चाखाली दबून जात होते, म्हणून सरकारला हस्तक्षेप करावा लागला. खेळ देणे हा मानाइतकाच गळ्यात पडणारा बोजाही होता. शेजारच्या दालनातली मोझेइके आणि हा पत्रा एकत्र पाहिले म्हणजे चित्रांतला अभिमान कुठून येतो ते नीट उमगते.

वास्तूंच्या बाबतीत उत्तर थोडे वेगळे आहे, कारण तिथे दात्याबरोबर प्रेक्षकही विषय होतो. रिंगणाभोवती बांधलेल्या कायमस्वरूपी दगडी प्रेक्षागारांपैकी आज उभे असलेले सर्वांत जुने पाँपेईचे आहे. इ. स. पू. ७० च्या सुमारास क्विंक्टियस व्हाल्गस आणि मार्कस पोर्कियस या दोन अधिकाऱ्यांनी ते स्वतःच्या पैशाने बांधले आणि ती जागा वसाहतीच्या नागरिकांना कायमची दिली, असे त्याचा शिलालेख सांगतो. लिबियातल्या लेप्टिस माग्ना येथील नाट्यगृहावर अन्नोबाल रुफस या स्थानिक धनिकाने लॅटिन आणि नव-प्युनिक अशा दोन भाषांत आपले नाव कोरवले. कोलोसियमची गोष्टही हीच. १९९५ मध्ये शिलालेखतज्ज्ञ गेझा आल्फल्डी यांनी पुन्हा वापरलेल्या एका दगडावरच्या, धातूची अक्षरे बसवण्यासाठी पाडलेल्या छिद्रांवरून मूळ लेख जुळवला. त्यांच्या वाचनानुसार सम्राट व्हेस्पेशियनने ही वास्तू युद्धातल्या लुटीतून उभी केली. ती लूट म्हणजे अर्थातच इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झालेल्या जेरुसलेमची. जागाही विचारपूर्वक निवडलेली होती: नीरोने आपल्या खासगी प्रासादासाठी जिथे तळे केले होते, तिथेच लोकांसाठी प्रेक्षागार झाले आणि इ. स. ८० मध्ये व्हेस्पेशियनचा मुलगा सम्राट टायटस याने त्याचे उद्घाटन केले.

कोलोसियममध्ये उभे राहिल्यावर बहुतेकांची नजर रिंगणाखालच्या भुयारी दालनांकडे जाते. मी मात्र बैठकींकडे पाहायला सांगेन. बाहेरच्या ऐंशी कमानींपैकी शहात्तरांवर क्रमांक होते. शाबूत राहिलेल्या उत्तर बाजूला तेविसापासून चोपन्नापर्यंतचे रोमन आकडे आजही वाचता येतात. प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या कमानीतून शिरायचे आणि ठरलेल्या जिन्याने ठरलेल्या पट्ट्यात पोचायचे, म्हणजे वेगवेगळ्या दर्जाच्या लोकांची वाटेत गाठच पडत नसे. रिंगणाला लागून सिनेटर, त्यांच्या मागे अश्वारोही वर्ग (सिनेटरांच्या खालोखालचे श्रीमंत), त्यावर सामान्य नागरिक आणि सर्वांत वर लाकडी बाकांवर स्त्रिया, अशी ती उतरंड होती. या शिस्तीचा उगम ऑगस्टसच्या नियमांत आहे. पुतेओली येथे खचाखच भरलेल्या खेळात एका सिनेटरला कुणीच जागा दिली नाही, त्यावरून ऑगस्टसने सगळी बैठकव्यवस्थाच कायद्याने बांधली, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. सैनिक वेगळे, विवाहित पुरुष वेगळे, मुले आणि शेजारी त्यांचे शिक्षक, आणि काळपट कपडे घातलेल्यांना मधल्या भागात मज्जाव, इतका त्यात तपशील आहे. त्यामुळे रिंगणात काय चालले आहे याइतकेच समोरच्या बाजूला कोण कुठे बसले आहे, हेही प्रत्येकाला दिसत होते. लंबवर्तुळाकार वास्तूचा हा मोठा गुण आहे: समाज स्वतःला समोरासमोर पाहतो.

ही शिस्त बिघडली म्हणजे काय होते, ते पाँपेईच्याच एका भित्तिचित्रात दिसते. इ. स. ५९ मध्ये पाँपेई आणि शेजारच्या नुचेरियाचे प्रेक्षक शिवीगाळीवरून दगडफेकीवर आणि तिथून शस्त्रांवर आले. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या वृत्तांतानुसार हा खेळ लिव्हिनेयस रेग्युलस नावाच्या, सिनेटमधून काढलेल्या माणसाने दिला होता आणि दंगलीनंतर पाँपेईवर असल्या खेळांसाठी दहा वर्षांची बंदी आली. एका घरमालकाने हा प्रसंग भिंतीवर रंगवून घेतला. ते चित्र आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. चित्रकाराने प्रेक्षागार वरून आणि समोरून एकाच वेळी दाखवले आहे. बाहेरचा जोडजिना, वर ताणलेले सावलीचे कापड, झाडांखाली मांडलेल्या विक्रेत्यांच्या टपऱ्या हे सगळे ओळखू येते. माणसे मात्र रिंगणात, जिन्यावर, बाहेरच्या मोकळ्या जागेत, सगळीकडे एकमेकांना मारत आहेत. रिंगणाच्या चित्रांत दाता नसलेले असे दृश्य विरळाच. इथे गावानेच गावाची आठवण जपली आहे, आणि तीही लज्जेची की फुशारकीची, हे चित्र सांगत नाही.

नाट्यकलेची चित्रे याच घरांत सापडतात, पण त्यांचा सूर निराळा आहे. तिथे पैशाच्या थैल्या नाहीत. पाँपेईजवळच्या ‘सिसेरोचा व्हिला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरातल्या दोन नितांत सुंदर मोझेइकांवर सामोसच्या डिओस्कुरिडीसची सही आहे. एकात मुखवटे घातलेले वादक रस्त्यावर वाजवत आहेत, दुसऱ्यात मुखवट्याच्या तीन स्त्रिया एका मेजाभोवती बसल्या आहेत. ही दृश्ये नेमकी कोणत्या नाटकांतली, ते लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनी येथे याच दृश्यांची नाटकाच्या नावासह आणि अंकाच्या क्रमांकासह केलेली मोझेइके सापडल्यावर पक्के झाले. मिनँडर या ग्रीक नाटककाराची विनोदी नाटके चार-पाचशे वर्षे अशी फरशांवर टिकून राहिली. ज्या घरात हे चित्र आहे, तो यजमान पाहुण्याला सांगतो की मी वाचलेला, रसिक माणूस आहे. रिंगणाचे चित्र ऐपत सांगते आणि नाटकाचे चित्र विद्वत्ता, असा ढोबळ भेद मी करतो. ‘शोकान्त कवीचे घर’ या पाँपेईतल्या वास्तूत सापडलेले तालमीचे मोझेइक तर मला फार प्रिय आहे: बसलेला वृद्ध सूत्रधार, पायाशी पेटीत ठेवलेले मुखवटे, एक जण जोडपावा वाजवतो आहे, आणि मागे एका नटाच्या डोक्यावरून केसाळ अंगरखा चढवला जातो आहे. नट आणि ग्लॅडिएटर दोघेही कायद्याने अप्रतिष्ठित, इ. स. १९ च्या सिनेटच्या एका ठरावाने तर वरच्या वर्गातल्या कुटुंबीयांना रंगमंचावर वा रिंगणात उतरण्याची बंदी केली. तरी त्यांचीच चित्रे श्रीमंतांच्या पायाखाली सन्मानाने नांदत होती.

आता क्रौर्याचा मूळ प्रश्न. खर्चाचा अर्थ समजला म्हणून चित्रे निरुपद्रवी होत नाहीत. लिबियातल्या झ्लिटेनच्या मोझेइकात एका बाजूला कर्णे, शिंगे आणि पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन वाजतो आहे, आणि दुसरीकडे शिक्षा झालेली माणसे लहान गाड्यांना बांधून श्वापदांपुढे ढकलली जात आहेत. स्मिरातच्या बिबट्यांना नावे आहेत, या माणसांना नाहीत. रोमन चित्रकारांना नावे लिहिण्याची किती हौस होती हे पाहिल्यावर हा अभाव मला फार बोचतो.

लढणाऱ्यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर दात्यांच्या फरशा सोडून थडग्यांकडे जावे. मिलानमध्ये उर्बिकस या फ्लॉरेन्सच्या ग्लॅडिएटरची स्मृतिशिळा आहे. तेरा झुंजी, बावीस वर्षांचे आयुष्य, सात वर्षांचा संसार. लौरिसिया ही पत्नी, पाच महिन्यांची असताना मागे राहिलेली ऑलिंपियास ही मुलगी आणि फोर्तुनेन्सिस ही आणखी एक मुलगी. पुढे एक इशारा कोरला आहे: ज्याला हरवाल त्याला मारून टाका. उर्बिकसने कुणाला तरी जीवदान दिले आणि तेच त्याला भोवले, असा याचा अर्थ दिसतो. खाली त्याच्या चाहत्यांचाही उल्लेख आहे. दात्याचे नाव या शिळेवर कुठेच नाही.

पुढच्या प्रवासाचे म्हणाल तर क्रम असा ठेवावा. सवड थोडी असेल तर नेपल्सचे संग्रहालय आणि पाँपेई पुरेसे आहे. दंगलीचे चित्र, डिओस्कुरिडीसची मोझेइके आणि तालमीचे दृश्य तिथे एकाच इमारतीत पाहता येतात. माद्रिदला जाणे झाले तर मोझेइकांसोबत इतालिकाचा पत्रा न चुकता पाहावा. नाट्यगृहाची पार्श्वभिंत किती प्रचंड असे हे फ्रान्समधल्या ओरांजला समजते. तिथली भिंत १०३ मीटर लांब आणि सुमारे ३७ मीटर उंच असून ती जवळजवळ पूर्ण उभी आहे. सूस सर्वांत शेवटी ठेवावे, कारण मागेरियसच्या तबकातल्या थैल्या आधी बाकीचे पाहिलेल्या माणसालाच पुरत्या वाचता येतात. आणि पाँपेईच्या प्रेक्षागारापाशी जाताना दंगलीच्या चित्राची छापील प्रत जवळ बाळगावी: चित्रातला बाहेरचा जोडजिना तिथे अजून जागेवर आहे, आणि चित्रकाराने कुठे उभे राहून तो पाहिला असेल, ते आपले आपल्याला ताडून पाहता येते.